कणकेत उठलेला नंबर

८ सप्टेंबर २०२५, सोमवार. सकाळी, चहा झाल्यावर

आजपासून रोजनिशी सुरू. मी सांगीन, सून आनंदी लिहीन. मी बोलते तसंच लिहाचं, शाळेतल्यासारखं सुधारून लिहाचं नाही, अशी तिले आधीच तंबी दिली. ही वही फक्त माह्यासाठी. दुसऱ्या कोणी वाचाची नाही. आनंदी म्हणे, पण आई, तुम्हाले तर वाचता येत नाही. म्हटलं, मंग तर बरंच झालं. कोणीच वाचणार नाही.

बंदुकीची गोष्ट आहे म्हणून वही. बुढा मागच्या वर्षी गेला. चैतराम त्याचं नाव. वहीसाठी एकदा घेतलं, बस. लायसन्स त्याच्या नावाचं होतं, ते त्याच्यासंगं गेलं, आन बंदूक ठाण्यात डिपॉझिट झाली. पोरगा राजेंद्र म्हणते, मले लायसन्स नको, ठाण्याच्या चकरा नको, धानातले डुकरं हाकलाले आता भोंगा मिळते. बाप बंदूक खांद्यावर घेऊन बांधीवर जाये, पोरगा भोंगा घेऊन जाईन. धन्य आहे.

ज्या बंदुकीले वाली नाही ते भट्टीत जाते, वितळवतात. पण जबलपूरकडच्या एका म्युझियमचे साहेब नोव्हेंबरात येणार आहेत. त्याहिले फौजेतली जुनी रायफल पाह्यजे, एकच. सगळे भाग मूळचे पाह्यजे, नंबर एकसारखे पाह्यजे, आन कुंद्याच्या पोटातलं सामान जागच्या जागी पाह्यजे. ते काचेच्या पेटीत ठेवणार, खाली मालकाचं नाव लिहिणार. बाकीच्या भट्टीत.

संकल्प: आमची बंदूक भट्टीत जाणार नाही. काचेत जाईन, खाली बुढ्याचं नाव राहीन.

काम सोपं आहे. आमची बंदूक सोळा आणे ओरिजिनल. माह्या सासऱ्याले ते तिरोडीच्या खाणीवर पहाऱ्याले असताना भेटली. मी लग्न होऊन आली तेव्हापासून दर दसऱ्याले मीच पुसते, तेल लावते, हळद-कुंकू लावते. तिचा एक खिळा मले न विचारता बदलला नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

ठाण्यात गेली. इकडं बालाघाटात ठाणं हिंदी बोलते. मुन्शीजी, म्हंजे ठाण्यातला लिखापढीवाला हवालदार, चांगला माणूस, कुर्सी दिली. बंदूक कपाटातून काढली त्यानं. उन्हात नाही, पंख्याखाली नाही, कपाटात! अंगावर धूळ. मी पदरानं पुसली. मुन्शीजी म्हणे, माताजी, हात मत लगाओ. म्हटलं, बापा, तुह्या जन्माच्या आधीपासून हात लावून राह्यली.

मंग त्यानं दाखवलं. नंबर दोन जागी असते. एक नळीच्या मागच्या लोखंडावर, एक बोल्टच्या दांडीवर. बोल्ट म्हंजे तो मागं-पुढं सरकवाचा लोखंडी दांडा, ज्यानं गोळी आत जाते. दोन्ही नंबर सारखे तर जोडी मूळची. आमचे सारखे नाहीत म्हणे.

म्हटलं, चष्मा बदलून पाहा.

त्यानं आनंदीले वाचाले लावलं. तिनं बी तेच सांगतलं. सुनेनं ठाण्यात सासूची बाजू घ्याची असते, हे आजकाल शिकवत नाहीत.

मंग कुंद्याच्या टोकाचं पितळी झाकण उघडलं. खांद्याले लावाचा जो लाकडी भाग, त्याच्या पोटात भोक असते. त्यात तेलाची पितळी कुपी आन नळी साफ कराची दोरी असाले पाह्यजे. निघाली तंबाखूची पुडी आन चुन्याची डबी. मुन्शीजी तोंड फिरवून हसला.

बुढ्यानं तंबाखू सोडली त्याले जमाना झाला. मीच देवापुढे शपथ घ्याले लावलती. तंबाखू ठेवली म्हंजे लाकडाले कीड लागत नाही, म्हणून ठेवली असन. किती काळजी घे तो त्या बंदुकीची! आनंदीनं इथं लिहाचं थांबवलं होतं. म्हटलं, लिही.

१२ सप्टेंबर

रात्रभर विचार करून उलगडा झाला. बोल्ट कुठं बदलला ते मले समजलं.

इलेक्शन आलं की सगळ्या लायसन्सवाल्याहिले बंदुका ठाण्यात जमा करा लागते. पंचायतीचं, विधानसभेचं, दिल्लीचं, कोणतंही असो. बुढा आन लामत्याचा तेजराम दोघं जानी दोस्त, संगंच जात. दोघाच्या बंदुका एकाच जातीच्या, एकाच खाणीवरच्या. सायकलवर बंदुका न्याच्या म्हंजे बोल्ट आधी काढून घ्याचे, आन दोघाचे बोल्ट एकाच दुपट्ट्यात बांधाचे. इलेक्शन झालं की त्या दुपट्ट्यातून ज्याच्या हाताले जो लागन तो त्यानं घ्याचा, आन दोघांनी वारासिवनीले जाऊन आलूबोंडा खाचा. इतके इलेक्शन झाले, इतका आलूबोंडा खाल्ला, त्यात बोल्ट बदलाले कितीक वेळ लागते?

म्हंजे आमचा बोल्ट लामत्याले, गोदाबाईकडे. गोदाबाई म्हंजे तेजरामची बायको. तेजराम बी गेला. लायसन्स तिच्या पोराच्या, महेंद्रच्या नावावर झालं म्हणून बंदूक अजून घरीच, पण तो सोडून द्याले तयार आहे, आन तिचा बी त्याच काचेच्या पेटीवर डोळा आहे, असं कानावर आलं.

नसीब पाहा. आमचा बोल्ट आमच्याच दुश्मनाच्या घरी.

१५ सप्टेंबर, सोमवार

आनंदी म्हणे, मी आपल्या बंदुकीचा नंबर चिठ्ठीवर लिहून देते, तुम्ही लामत्याले जाऊन महेंद्रले दाखवा. मी म्हटलं, नाही. लिहिलेल्यावर माह्या भरोसा नाही. सात-बारावर लिहिलेलं बदलते, मतदार यादीत लिहिलेलं बदलते. मले तर त्या यादीत एकदा पुरुष केलतं. माह्या नंबर मीच नेणार.

उपाय: कणीक. घट्ट मळली, मीठ घातलं. डबा घेऊन ठाण्यात. मुन्शीजीले म्हटलं, बंदूक काढ. त्यानं विचारलं, खाना लाये हो क्या माताजी? म्हटलं, तुह्यासाठी नाही. नळीच्या मागच्या लोखंडावर गोळा दाबला, अलगद उचलला. नंबर असा साफ उठला की काय सांगू. मले आकडे येत नाहीत, आकार दिसतात: कोयता, मंग काठी, मंग दोन बदकं. बदकांची चोच उजवीकडे.

उन्हात वाळत ठेवला. चिमण्यांपासून राखून राह्यली.

आनंदी गोळा पाहून काहीतरी म्हणत होती की आई, ठशात ते... मी म्हटलं, तू भाजी पाह्य.

२८ सप्टेंबर, रविवार

राजेंद्रनं जेवता जेवता विचारलं, आई, बंदुकीचं समोरचं कडं आपल्या बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेचं आहे ना? लोहारानं ठोकून दिलतं ते?

हौ. मंग? गाडी कोणाची होती? आपलीच. लोखंड घरचंच आहे, परक्याचं नाही. याले मी ओरिजिनल म्हणते.

तो म्हणे, साहेब नाही म्हणणार.

साहेबानं कधी गाडी हाकली?

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

पॅसेंजरनं लामत्याले गेली. संगं आनंदी, सोनं द्याले आपट्याची पानं, आन बिंदीच्या डबीत कणकेचा नंबर. दसऱ्याले गेली म्हंजे बंदूक पाटावर मांडलेली भेटणार, मागा लागणार नाही. डोकं चालते माह्यं.

गोदाबाईनं दारातच म्हटलं, या सत्यभामाबाई, आज कोणीकडे सूर्य उगवला? म्हटलं, तुमच्याच घराकडे, म्हणून तर आली. तिनं बसाले दिलं, पाणी दिलं, पण पाटासमोर आडवीच बसली.

तिची बंदूक पाह्यली. चकचकीत. आमच्यासारखीच, पण अंगावर काही खाणाखुणा नाहीत. तिनं मुद्दाम कुंद्याचं झाकण उघडून दाखवलं. आत पितळी कुपी, दोरी गुंडाळलेली, दोरीच्या टोकाले पितळेचं वजन. म्हणे, आमच्या बुढ्यानं कोणाले हात लावू दिला नाही, जसं होतं तसंच आहे. मी म्हटलं, म्हंजे वापरलंच नाही म्हणा! आमच्या कुपीनं शिवणमशीनले तेल पाजलं, आमच्या दोरीनं गावभरच्या पोरांचे पाळणे हलले. संसार केला आमच्या बंदुकीनं. तुमची नुसती बसून राह्यली.

तिनं म्हटलं, तुमच्या बंदुकीनं तंबाखूचा बी संसार केला म्हणे.

ही बातमी लामत्याले कशी पोचली? मुन्शीजीची सासुरवाडी इकडची असन.

मंग मी डबी उघडली. म्हटलं, गोदाबाई, राग मानू नका, एक बोल्ट पाह्यचा आहे. तिनं हात आडवा घातला. म्हणे, पूजेतल्या वस्तूले हात नाही लावाचा. म्हटलं, हात नाही लावत, कणीक लावते. तिनं नाकाले पदर लावला, पण सरकली. कणीक बोल्टजवळ धरली आन पाह्यलं. आधी दोन बदकं, चोच डावीकडे. मंग काठी. मंग कोयता. सगळी वरात उलटी!

मी उठून सांगतलं, पाहुण्या-रावळ्यांसमोर: हा बोल्ट आमचा नाही. आमच्यासारखा दिसावा म्हणून कोणीतरी नक्कल केली आन नक्कल करताना उलटी झाली. हा कोणाचाच नाही, हा नकली आहे.

गोदाबाई लालेलाल. म्हणे, सत्यभामाबाई, दसऱ्याच्या दिवशी माह्या घरच्या लोखंडाले नकली म्हणता? या बोल्टले मी इतके वर्षं कुंकू लावलं. म्हटलं, कुंकू लावून खोटं खरं होत नाही.

सोनं दिलं नाही. पानं तशीच घेऊन आली.  गाडीत आनंदी एवढंच म्हणे, आई, ठाण्यातला रबराचा शिक्का कधी पाह्यला का? म्हटलं, ठाण्यात मी काय शिक्के पाह्यले जाते?

५ ऑक्टोबर

आमचा बोल्ट आता ज्याच्याकडे असन त्याच्याकडे असन. बंदूक बोल्टवर नाही, नावावर चालते. साहेब माह्यं बोलणं ऐकतील, मंग पाह्यतील.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. दिवाळी आटोपली

कुंद्यातल्या सामानाचं पाहा लागते. शिवणमशीन विकली तेव्हा कुपी त्याच्यातच गेली. दोरी कोणाच्या पाळण्याले नेली आन आणली नाही.

तंबाखू काढून टाकाची. कुपी म्हणून अत्तराची जुनी शिशी ठेवली. त्यात तिळाचं तेल. दोरी म्हणून परकराचा नवा नाडा, तो चहाच्या पाण्यात भिजवून वाळवला. एकदम शंभर वर्षांचा दिसते. वजन म्हणून टोकाले राजेंद्रच्या सायकलचं काहीतरी बांधलं. राजेंद्रनं पाह्यलं तर म्हणे, आई, ही चारसोबीसी आहे. म्हटलं, गेलेल्या वस्तूच्या जागी दुसरी ठेवणं म्हंजे चारसोबीसी? मंग छपरावर फुटक्याच्या जागी नवे कवेलू टाकतो ते काय आहे?

ठाण्यात जाऊन तंबाखू काढली, हे सगळं कुंद्यात भरलं. मुन्शीजीनं वास घेतला. अदरकवाली है क्या, विचारलं. चहात अदरक होतं.

९ नोव्हेंबर

मुन्शीजीनं निरोप पाठवला. साहेब अठरा तारखेले. टेन्शन नाही. नवीन लुगडं काढून ठेवलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. ठाण्यातून आल्यावर

सगळं सांगते, लिही. थांबू नको.

साहेब तरुण निघाले. चष्मा, हातात पांढरे मोजे. मले नमस्कार केला, मराठीत आजी म्हटलं. पोरगा वाईट नाही, शिकवण वाईट आहे.

गोदाबाई बी आलती, महेंद्रसंगं. माह्याकडे पाह्यलं नाही. मी बी नाही पाह्यलं. पण तिनं बी नवीन लुगडं घातलतं, ते दिसलं.

साहेबानं दोन्ही बंदुका शेजारी-शेजारी ठेवल्या. दोन्हीचे बोल्ट काढले, नंबर पाह्यले आन हसले. म्हणे, अरे, ह्याचा त्याच्यात आन त्याचा ह्याच्यात! अदलाबदली केली, आन दोन्ही नंबर मॅचिंग झाले.

मी म्हटलं, शक्य नाही. कणीक काढून दाखवली. साहेबानं गोळा हातात घेतला, खूप आदरानं पाह्यला. मंग मुन्शीजीचा शिक्का उचलला. रबरावर सगळं उलटं होतं, कागदावर मारला तर सरळ झालं. म्हणे, आजी, ठसा नेहमी उलटा उठतो. तुमचा नंबर बरोबर होता, कणीक पण बरोबर होती. फक्त बोल्टवर तो उलटा वाचायचा होता.

मी म्हटलं, मंग बंदुकीवरच आधी उलटा लिहाचा होता कारखान्यावाल्यांनी, कणकेत सरळ आला असता.

गोदाबाई तेव्हा पहिल्यांदा बोलली. म्हणे, सत्यभामाबाई, दसऱ्याले ज्याले नकली म्हटलं तो तुमचाच घरधनी निघाला. इतके वर्षं मी तुमच्या बोल्टले कुंकू लावलं, आन तुम्ही त्याले ओळखलं नाही! सगळं ठाणं हसलं. म्हटलं, तुमच्या कुंकवानंच तर त्याचा चेहरा बदलला, कसा ओळखीन?

मंग साहेब आमच्या बंदुकीकडे वळले. कडं गाडीच्या धावेचं, म्हणे. हौ, म्हटलं. निशाणा धराची माशी सोनारानं केली आहे. हौ, मूळची हरवली होती, बुढा आंधळ्यासारखा डुक्कर मारीन का? समोरचं लाकूड सागाचं आहे, मूळचं अक्रोडाचं असते. म्हटलं, बालाघाटात अक्रोड कुठून आणाचा? सागाले काय झालं, सागानं तर जग उभं आहे. हा स्क्रू सायकलचा. हौ. झाकण उघडलं. शिशी काढली, वास घेतला, नाडा काढला, वास घेतला, पुन्हा वास घेतला. मी म्हटलं, आता चहाच मागवा.

साहेब म्हणाले, आजी, या बंदुकीत नळी, मागचं लोखंड आन आत्ता आलेला बोल्ट, एवढंच मूळचं आहे.

आन तो बोल्ट बी गोदाबाईच्या घरून आला.

गोदाबाईची बंदूक पास झाली. कुपी, दोरी, लाकूड, सगळं जसंच्या तसं. महेंद्रनं सही केली. तेजरामचं नाव लिहून घेतलं. आमच्या बंदुकीले मुन्शीजी कपाटाकडे न्याले लागला, भट्टीवाल्या ढिगाकडे.

मी बंदुकीजवळ खाली बसली. फरशीवर. नव्या लुगड्यात. म्हटलं, हिले भट्टीत न्याचं असन तर मले बी जमा करून घ्या आन पोराले पावती द्या. राजेंद्र म्हणे, आई, उठ. उठली नाही. मुन्शीजी म्हणे, माताजी, आपके लिये कपाट बडा लगेगा. तरी उठली नाही. आनंदी येऊन माह्या शेजारी बसली.  आजपर्यंतचं सगळं माफ केलं तिले. हे लिही.

आन मंग, लिही, गोदाबाई साहेबाले म्हणाली, न्या जी तिची बी. दोघी बंदुका जोडीनंच राहत. आमचे दोघं बी जोडीनंच राहत.

साहेबानं आमची बंदूक पुन्हा हातात घेतली. कड्यावरून बोट फिरवलं. मंग आनंदीशी हळूच हिंदीत काही बोलले, मधात इंग्रजी, शिकाऊ लोकांसाठी वगैरे. मी विचारलं, काय म्हणतात? आनंदी म्हणे, आई, घेऊन जातात, वेगळ्या पेटीत ठेवतात.

वेगळी पेटी! गोदाबाईले साधी, आमच्या बंदुकीले वेगळी. मी म्हटलं होतं ना, साहेब माह्यं बोलणं ऐकतील.

घरी निघताना गोदाबाईले आपट्याची पानं दिली. दसऱ्याचीच, पदराले बांधून नेलती, वाळलेली. तिनं घेतली. म्हणे, सोनं वाळलं तरी सोनंच. म्हटलं, तुमच्या तोंडातून आज पहिल्यांदा खरं निघालं.

११ जानेवारी २०२६, रविवार

म्युझियम पाहून आलो. मी, आनंदी, राजेंद्र.

मोठा हॉल. गोदाबाईची बंदूक मधात, काचेत. खाली एक चिठ्ठी. आनंदीनं वाचली: जातीचं नाव, सालाचं नाव, सगळे भाग मूळचे, मालक तेजराम. लोक येतात, वाचतात, पुढे जातात.

आमची बाजूच्या पेटीत. बापा रे, काय थाट! कड्याजवळ लाल चिठ्ठी, माशीजवळ लाल चिठ्ठी, लाकडाजवळ, स्क्रूजवळ, झाकणाजवळ, प्रत्येकीपासून लाल बाण. शिशी आन नाडा बी बाहेर मांडून ठेवलेत, त्याहिच्या बी चिठ्ठ्या. बोटं मोजून संपली. आन गर्दी! एक मास्तर शाळेतली पोरं घेऊन आलता, तो गोदाबाईच्या पेटीसमोर थांबलाच नाही, आमच्याच पेटीसमोर काडीनं दाखवून राह्यलता. पोरं हसत होती. मजा येत असन.

आनंदीले म्हटलं, वाच. तिनं पहिली वाचली: हे कडं बैलगाडीच्या धावेपासून गावात बनवलेलं आहे, मूळचं नाही. दुसरी वाचाले गेली, आन मधातच पदरानं काच पुसाले लागली. मी म्हटलं, राहू दे.

मंग मी विचारलं, नाव कुठं आहे त्याचं?

आनंदीनं वरून पाह्यलं, खालून पाह्यलं. राजेंद्रनं पेटीच्या मागून जाऊन पाह्यलं. आला आन माह्याकडे न पाहता म्हणे, आई, या पेटीवर नाव नाही. काय काय बदललं ते शिकवाचा नमुना आहे म्हणून.

मी काचेपाशी उभी राह्यली. पहारेकरी म्हणे, दूर से देखो. दुरून पाह्यलं.

नाव कशाले पाह्यजे? कडं त्यानं लोहाराजवळ बसून ठोकून घेतलं. माशीसाठी सोनाराच्या दारात दिवस काढला. साग त्यानं तासला, स्क्रू त्यानं फिरवला. इतक्या चिठ्ठ्या आहेत, त्यातल्या दोन माह्या, शिशीची आन नाड्याची. बाकी एकूण एक त्याच्याच हाताची. तेजरामनं बंदुकीले काहीच केलं नाही, म्हणून बिचाऱ्याचं नुसतं नाव लिहा लागलं.